रस्ते अपघातानंतर रुग्णालयाचं बिल: आज कोण भरणार, उद्या कुणाकडून वसूल होणार

अपघातातल्या उपचारांच्या खर्चात दोन वेगळे प्रश्न असतात आणि घाबरलेल्या घरात ते हमखास एकमेकांत मिसळतात. पहिला प्रश्न, आज काउंटरवर बिल कोण चुकवणार. दुसरा, हा खर्च शेवटी कुणी सोसायचा. धडक देणाऱ्या गाडीचा विमा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, पहिल्याचं नाही. ‘त्यांचा विमा आहे, ते देतील’ म्हणून कुणी वाट पाहत बसलं, तर डिस्चार्जच्या दिवशी लाखांचं बिल हातात पडतं आणि तोवर पहिल्या दोन दिवसांत करायच्या गोष्टी राहून गेलेल्या असतात.

पहिले काही तास

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार कर्तव्यावरच्या डॉक्टरने कोणत्याही औपचारिकतेची वाट न पाहता जखमीवर ताबडतोब उपचार करायचे असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात हेच स्पष्ट केलं होतं. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ किंवा ‘आधी डिपॉझिट भरा, मग हात लावू’ हे तातडीच्या रुग्णाबाबत चालत नाही. जखमीला उचलून आणणाऱ्या अनोळखी माणसाकडे दाखल करण्याचे पैसे मागता येत नाहीत, त्याला अडकवूनही ठेवता येत नाही. घरच्यांनी वाद घालत बसू नये. शांतपणे कलमाचा आकडा सांगावा आणि नकार देणार असाल तर लेखी द्या म्हणावं. लेखी नकार द्यायला सहसा कुणी तयार होत नाही.

दाखल करताना एक वाक्य आवर्जून सांगा: ‘रस्ते अपघात आहे, एमएलसी करा.’ एमएलसी म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद. ती झाली की रुग्णालय पोलिसांना कळवतं आणि जखमांची नोंद अपघाताच्या तारखेने होते. काही लोक पोलीस चौकशी नको म्हणून ‘घरात जिन्यावरून पडला’ असं सांगून मोकळे होतात. हे एक वाक्य पुढचे जवळजवळ सगळे रस्ते बंद करतं. केसपेपरवर ‘घसरून पडले’ लिहिलेलं असेल, तर दोन वर्षांनी नुकसानभरपाई ठरवणाऱ्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो. केसपेपरवर अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण आणि कळला असल्यास गाडीचा नंबर आहे ना, हे त्याच दिवशी वाचून घ्या. चूक असेल तर डॉक्टरकडून तिथेच दुरुस्त करून सही घ्या. नंतर केलेली दुरुस्ती संशयाने पाहिली जाते.

दीड लाख आणि सात दिवस

केंद्र सरकारने मोटार वाहन कायद्याच्या कलम १६२ खाली ५ मे २०२५ रोजी अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. कोणत्याही रस्त्यावर मोटार वाहनामुळे अपघात झाला, तर जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार अपघाताच्या तारखेपासून जास्तीत जास्त सात दिवस मिळू शकतो. जखमी श्रीमंत की गरीब, चूक कुणाची, गाडीला विमा होता की नव्हता, यावर ते अवलंबून नाही.

अडकतं ते तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे पूर्ण उपचार नेमून दिलेल्या रुग्णालयातच मिळतात. इतर ठिकाणी योजनेतून फक्त प्रकृती स्थिर करण्यापुरता खर्च मिळतो. म्हणून ११२ वर फोन करताना ‘अपघात योजनेतलं जवळचं रुग्णालय कोणतं’ हे विचारा. दुसरं, हा जखमी खरोखर रस्ते अपघातातला आहे याची पुष्टी पोलिसांना त्यांच्या ऑनलाइन प्रणालीत करावी लागते. ती वेळेत झाली नाही तर रुग्णालय तुम्हाला रोखीचा रुग्ण समजून बिल लावायला लागतं. तेव्हा नातेवाइकांपैकी एकाने रुग्णालयात थांबावं आणि दुसऱ्याने पोलीस ठाण्यात जाऊन ‘आमच्या रुग्णाची पुष्टी झाली का’ हे विचारावं. तिसरं, सात दिवस दाखल झाल्यापासून मोजत नाहीत, अपघातापासून मोजतात. मांडीचं हाड मोडलेला किंवा डोक्याला मार लागलेला रुग्ण सातव्या दिवशी बहुधा रुग्णालयातच असतो. पुढचा खर्च कशातून, याची सोय पाचव्या दिवशीच लावायला घ्या.

महाराष्ट्रात ती सोय पुष्कळदा महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून लागते. जुलै २०२४ पासून ती सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली आहे, फक्त पिवळ्या-केशरी कार्डांसाठी नाही, आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाखांची आहे. पांढरं कार्ड आहे म्हणून विचारतच नाहीत अशी कुटुंबं अजून पुष्कळ आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, कक्ष असतो. शिधापत्रिका आणि आधार घेऊन तिथे जा आणि शस्त्रक्रियेच्या आधी मंजुरी घ्या. शस्त्रक्रिया रोखीने झाल्यावर तीच योजनेत बसवून द्या म्हटलं, तर नकार ठरलेला.

मेडिक्लेम असेल तर

अपघाताला मेडिक्लेममधला सुरुवातीचा तीस दिवसांचा प्रतीक्षा काळ लागू होत नाही. आदल्या आठवड्यात घेतलेली पॉलिसीही चालते. दाखल झाल्यापासून चोवीस तासांत कंपनीला किंवा टीपीएला (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेला) कळवा आणि तक्रार क्रमांकासारखा जो सूचना क्रमांक मिळेल तो लिहून ठेवा. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम बिलावर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. तीन तासांहून उशीर झाला आणि त्यामुळे खोलीचं भाडं वाढलं, तर तो वाढीव खर्च कंपनीने सोसायचा आहे. डिस्चार्ज काउंटरवर हा नियम सांगितला की फाइल हलते.

खोली निवडताना मात्र नीट हिशेब करा. पॉलिसीत दिवसाला ५,००० रुपयांची खोली मंजूर आहे आणि तुम्ही ८,००० ची घेतली, तर तोटा फक्त रोजच्या ३,००० चा होत नाही. अनेक पॉलिसींमध्ये डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचं भाडं, नर्सिंग यांसारखे आकारही त्याच प्रमाणात, म्हणजे ६२.५ टक्केच धरले जातात. सर्जनची फी १,२०,००० असेल तर कंपनी ७५,००० देते आणि ४५,००० तुमच्या खिशातून जातात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर ही कात्री चालवता येत नाही. ती चालवलेली दिसली तर लेखी हरकत घ्या.

डोक्याच्या मारातला रुग्ण असेल आणि दारूचा संशय केसपेपरवर नोंदला गेला असेल, तर दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी. ‘दारूचा वास येतो’ एवढी मोघम नोंद आणि रक्ततपासणीचा अहवाल यांत फरक आहे. नोंद चुकीची असेल तर रक्ततपासणीचा आग्रह लगेच धरावा, कारण काही तासांनी ती तपासणी निरुपयोगी होते.

बिल आणि कागद सांभाळणं

रोज संध्याकाळी अंतरिम बिल मागा. सगळं एकदम शेवटच्या दिवशी पाहिलं तर चुका सापडत नाहीत आणि सापडल्या तरी सोडवायला वेळ नसतो. नेहमीच्या चुका ठरलेल्या आहेत. फार्मसीला परत केलेल्या औषधांची वजावट नसते. एकाच दिवशी आयसीयू आणि वॉर्ड असे दोन्हींचे आकार लागतात. न झालेली डॉक्टरांची भेट मोजलेली असते. पॅकेजमध्ये धरलेलं सामान पुन्हा वेगळं लावलेलं असतं. हाडात बसवलेल्या प्लेट, रॉड, स्क्रूचं स्वतंत्र बिल आणि त्यावरचं मूळ स्टिकर जरूर मागून घ्या. स्टिकरशिवाय विमा कंपनी इम्प्लांटची रक्कम अडवते.

पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि मोठी रोख देऊन ‘पावती नंतर मिळेल’ यावर विश्वास ठेवला तर तो पैसा पुढे सिद्ध करता येत नाही. कच्च्या चिठ्ठीवरची औषधं, रुग्णाचं नाव नसलेली बिलं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेतलेली औषधं, ही सगळी पुढे कापली जातात. प्रत्येक बिलामागे त्याची चिठ्ठी टाचा. थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून झेरॉक्स करा.

रुग्णालयाबाहेरचा खर्च लोक नोंदवतच नाहीत, आणि हाडाच्या दुखापतीत तो थोडाथोडका नसतो. रुग्णवाहिका, तपासणीसाठी केलेल्या टॅक्सीच्या फेऱ्या, भाड्याने आणलेला पलंग, वॉकर, फिजिओथेरपी, दिवसपाळीची आया या सगळ्याचा हिशेब ठेवा. फिजिओथेरपिस्टकडून एकच गठ्ठा पावती घेऊ नका, तारीखवार घ्या आणि ‘किती आठवडे’ हे लिहिलेली डॉक्टरची चिठ्ठी जोडा. आयाला पगार यूपीआयने द्या आणि दर महिन्याला तिच्या सहीची पावती घ्या.

डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलं, तर डिस्चार्ज कार्डवर तसं लिहिलं जातं आणि नंतर वाढलेल्या त्रासाचं खापर तुमच्यावर फुटतं. खर्च परवडत नसेल तर तसं सांगून दुसऱ्या रुग्णालयात हलवण्याचं पत्र घ्या. कागदावर या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

पैसे नसतील तेव्हा

महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलाच्या दोन टक्के रकमेचा निर्धन रुग्ण निधीही असतो. निर्धनासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार. अनेक मोठी, चकचकीत रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय आहेत. काउंटरवर हे कुणी आपणहून सांगत नाही. वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका द्या आणि अर्जाची पोच घ्या. तातडीच्या रुग्णाकडून या रुग्णालयांनी डिपॉझिट मागायचं नाही. अडवणूक झाली तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा, आणि रुग्ण आत असतानाच करा. घरी आल्यावर तक्रारीचं वजन कमी होतं. मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठीही अर्ज करता येतो, पण तो उपचार चालू असताना, रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकासह.

बिलाच्या थकबाकीपोटी कोरा धनादेश किंवा सही केलेला कोरा स्टॅम्पपेपर कधीही देऊ नका. हप्त्यांची तडजोड करायची तर तारखा आणि रकमा लिहून दोन्ही बाजूंनी सह्या करा.

आता दुसरा प्रश्न: शेवटी कुणाकडून

यासाठी पाया पोलीस ठाण्यात घातला जातो. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, धडक देणाऱ्या गाडीचा नोंदणी दाखला, विमा पॉलिसी, चालकाचा परवाना आणि जखमेचा दाखला, एवढे कागद जमायला हवेत. २०२२ पासूनच्या नियमांत पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. जखमीचे हक्क सांगणारा फॉर्म २ दहा दिवसांत तुमच्या हाती द्यायचा आणि जखमीने स्वतःची माहिती, खर्च आणि बँक खातं लिहिलेला फॉर्म ६ साठ दिवसांत भरून द्यायचा. हा फॉर्म ६ फार ठिकाणी कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. तुम्हीच मागा, भरा, बिलांच्या प्रती जोडा आणि पोच घ्या.

दावा स्वतः दाखल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. जागा निवडायची मुभा आहे: अपघात झाला तिथलं न्यायाधिकरण, तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथलं, किंवा समोरचा राहतो तिथलं. नागपूरच्या माणसाला सोलापूरजवळ अपघात झाला म्हणून त्याने सोलापूरच्या खेपा घालायची गरज नाही. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. प्लास्टर निघेपर्यंत थांबू, मग बघू, यात ती निघून जाते. उपचार चालू असले तरी दावा आधी दाखल करा. वाढीव बिलं नंतर जोडता येतात.

विमा कंपनीकडून तडजोडीचा प्रस्ताव आला तर तो कोणत्या कलमाखाली आहे हे आधी पाहा. कलम १६४ मध्ये चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपुष्टात येतो. किरकोळ फ्रॅक्चर असेल, बिल लाखभराचं असेल आणि चूक कुणाची यावर वाद असेल, तर अडीच लाख घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण पाय कापावा लागला आहे, अजून दोन शस्त्रक्रिया बाकी आहेत, कमावता माणूस घरी बसला आहे, अशा वेळी ती सही म्हणजे मोठं नुकसान. रुग्ण खाटेवर असताना आणलेल्या कोणत्याही पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द दिसले तर सही करू नका. समोरच्या चालकाने रुग्णालयात दहा-वीस हजार देऊन ‘तक्रार करणार नाही’ असं लिहून घेणं हा याचाच गावठी प्रकार, आणि तोही तितकाच महागात पडतो.

न्यायाधिकरणात आजवरच्या बिलांइतकाच पुढचा खर्चही मागायचा असतो: रॉड काढायची शस्त्रक्रिया, कृत्रिम पाय आणि तो काही वर्षांनी बदलण्याचा खर्च, दीर्घ फिजिओथेरपी. त्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून आकड्यांसह लेखी अंदाज घ्या आणि ते साक्षीला येतील का हे आधीच विचारून ठेवा. अपंगत्वाच्या दाखल्यातली टक्केवारी आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात मांडलं आहे. बोटांची हालचाल गेलेल्या शिंप्याचं अपंगत्व दाखल्यावर वीस टक्के असलं तरी त्याचा धंदा जवळजवळ पूर्ण बुडतो. म्हणून व्यवसायाचा पुरावा जोडा.

मेडिक्लेममधून बिल मिळालं असेल तर नुकसानभरपाईत ते पुन्हा मागता येत नाही, असं अजूनही सांगितलं जातं. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये उलट निर्णय दिला: मेडिक्लेम ही तुम्ही हप्ते भरून घेतलेली सोय आहे, त्यातून मिळालेली रक्कम अपघात नुकसानभरपाईतून वजा करता येणार नाही. अडचण एवढीच की मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे गेलेली असतात. देण्याआधी संपूर्ण संच स्कॅन करा, रुग्णालयाकडून शिक्क्याची दुसरी प्रत घ्या आणि कंपनीकडून दावा मंजुरीचं पत्र घ्या.

गाडी ठोकून पळून गेलेली असेल आणि सापडत नसेल, तर कलम १६१ खाली मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार मिळतात. अर्ज तालुक्याच्या किंवा उपविभागाच्या महसूल अधिकाऱ्याकडे करायचा, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. रक्कम लहान आहे, पण वकील लागत नाही. पोलिसांकडून ‘वाहन मिळून आलं नाही’ असा अहवाल मात्र पाठपुरावा करून घ्यावा लागतो.

सगळ्यात अवघड जागी असतो तो स्वतःच्या चुकीने धडकलेला चालक. तृतीय पक्ष विम्यातून, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या विम्यातून, त्याला काही मिळत नाही. पॉलिसीसोबतचं १५ लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, रुग्णालयाच्या बिलासाठी नाही. त्याच्या हाती राहतात त्या दीड लाखाची योजना, जन आरोग्य योजना आणि मेडिक्लेम. त्याच्या गाडीत बसलेल्यांचं काय, हे पॉलिसी पॅकेज (स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी) आहे की फक्त तृतीय पक्षाची, यावर ठरतं. पॅकेज असेल तर प्रवासी मागणी करू शकतात. अपघात कामावर असताना किंवा कामावर जाता-येता झाला असेल आणि कामगार विमा योजनेचं कार्ड असेल, तर त्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी नोंद करा.

वकील नेमताना ‘मिळणाऱ्या रकमेचे तीस टक्के’ असा करार कुणी पुढे केला तर करू नका. टक्केवारीवर फी ठरवायला वकिलांच्या आचारनियमांत मनाई आहे. फी लेखी ठरवा, आणि निकालाची रक्कम थेट जखमीच्या बँक खात्यात जमा व्हावी म्हणून पासबुकाची प्रत अर्जासोबतच द्या.

मेडिक्लेम नाकारला गेला किंवा अर्धाच मिळाला, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, पन्नास लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अर्जात दुःखाची कहाणी लांबवू नका. कापलेल्या रकमांचा तक्ता करा, प्रत्येक रकमेसमोर पॉलिसीतलं कलम आणि बिलाचा क्रमांक लिहा, आणि केसपेपर, एमएलसीची नोंद, मंजुरीपत्र याच क्रमाने कागद लावा.